चाचांच्या बाटलीवरच्या दोन चिठ्ठ्या

इतर शाळांत आम्लाच्या बाटलीवर एक चिठ्ठी असते, आमच्या प्रयोगशाळेत दोन असायच्या. वरच्या चिठ्ठीवर आम्लाचं नाव आणि 'स्वभाव तीव्र' किंवा 'स्वभाव सौम्य'. खालच्या चिठ्ठीवर 'पाणी कमी' नाहीतर 'पाणी जास्त'. अक्षर चाचांचं, टपोरं. चाचा म्हणजे सोलापुरातल्या आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर, मूळचे मैंदर्गीचे. शिक्षण दहावीपर्यंत, पण सौम्य आणि पातळ यांत घोळ घालणाऱ्या एमएस्सीवाल्यांना ते दारात उभं करायचे नाहीत.

"पाणी घातलं म्हणून तीव्र आम्ल गरीब होत न्हाय, मॅडम," ते म्हणायचे. "सोबाव त्योच ऱ्हातो. निस्तं पातळ झालेलं असतंय."

हाच नियम ते स्टाफरूमलाही लावत. मुख्याध्यापिका तीव्र, पण पाणी जास्त. ओरडल्या तरी भाजत नाही. हेडक्लार्क तीव्र आणि पाणी कमी. चार हात लांबून बोला. माझी चिठ्ठी काय, असं मी विचारलं की चाचा परीक्षानळ्या धुवायला घ्यायचे.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. तिसरं वर्ष. मी सावकाश बोलते, शब्द ओठांवर येऊन जरा रेंगाळतो. 'या बाई फार संथ आहेत' असं कुणीतरी संस्थेच्या सचिवांच्या कानावर घातलं होतं. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरवायला ते माझा एक तास बघणार होते. विषय धातू आणि आम्ल. घाबरत घाबरत मी चाचांना यादी पाठवली: मॅग्नेशियमची फीत, सौम्य आम्ल, फुगे.

मला हवं होतं पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ही सगळेच शिक्षक त्याला सर्रास सौम्य म्हणतो. चाचांनी मात्र शब्द धरला आणि ॲसेटिक आम्ल काढून ठेवलं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते.

सचिव मागच्या बाकावर बसले होते. "आता बघा, फुगा पटकन फुगेल," असं म्हणून मी चंबूत फीत टाकली आणि तोंडाला फुगा बसवला. चार बारीक बुडबुडे आले. फुगा मान टाकून लोंबत राहिला. वर्ग हसला.

तेवढ्यात चाचा आतून दुसरा चंबू घेऊन आले. "मॅडमनी सौम्य मागितलं, ते दिलं," ते मुलांना म्हणाले. "हे तीव्र. पाणी दोनीत सारकंच, फीतबी सारकीच."

मी त्यात दुसरी फीत टाकून दुसरा फुगा बसवला. चंबू फसफसला आणि मिनिटभरात फुगा टम्म झाला. मग माझीही गाडी रुळावर आली. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे हायड्रोजन आयन पाण्यात आधीच सुटे झालेले असतात, ते धातूवर एकदम तुटून पडतात. ॲसेटिकचे थोडे थोडे सुटतात, म्हणून त्याचं काम हळू. माझ्या चालीनं हे सांगून होईपर्यंत सचिव घड्याळ बघून उठले.

"बसा की, सायेब," चाचा म्हणाले. "अजून संपलं न्हाय."

सचिव बसले. कसे बसले, मला आजही कळलेलं नाही. पहिला फुगा हळूहळू मान वर करत गेला. तास संपता संपता त्या चंबूतली फीतही विरघळली, आणि दोन्ही फुगे शेजारी शेजारी सारखेच उभे. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्यो उशिरा फुगला, पण तेवढाच फुगला की." सचिव पहिल्यांदा हसले. जूनपासून मी कायम झाले.

"मुद्दाम केलंत का, चाचा?" मी नंतर विचारलं.

"छे. तुमाला कुटलं पायजे कळंना, म्हणून दोनी करून ठिवलं. फुडच्या टायमाला नीट लिवत जावा."

गेल्या महिन्यात चाचा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्या हातात माइक आला आणि आयुष्यभर पोरांना दटावणारा हा माणूस नुसता उभा राहिला. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. हेडक्लार्कनं उठून माइक परत घ्यायला हात पुढे केला. मला राहवलं नाही, मी जागेवरूनच म्हटलं, "बसा की, सर. अजून संपलं न्हाय."

चाचांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्या मॅडम," ते म्हणाले. "सोबाव सौम्य." मग खालची चिठ्ठी वाचावी तसं म्हणाले, "पाणी, येक थेंब न्हाय."