वाल्व्हला आईचं नाव

भिंतीवर प्रोजेक्टरनं सर्किटचं ड्रॉइंग लावलेलं. घाण पाणी बाहेर सोडणारा एक वाल्व्ह होता. त्याच्यापाशी मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, साळू.

साळू माझ्या आईचं नाव.

धाराशिवच्या त्या कारखान्यात मला लागून आठवडाच झाला होता. डिप्लोमा करून लागले. दूध केंद्रावरचं मशीन बनायचं तिथं. मशीननं दूध तपासायचं, मग आपल्याच नळ्या धुवायच्या, आन् धुतलेलं घाण पाणी मोरीत सोडायचं. आमच्याकडं त्याच्या आतला बोर्ड आन् प्रोग्राम. विक्रम सर आमचा वरिष्ठ. नावं कशी ठेवायची आन् ओळी कशा मांडायच्या ते त्या दिवशी तो नव्या पोरांना शिकवत होता. अक्षरं सगळी मोठी. ओळ आत सरकवायची तर चार जागा सोडून, तीन चालायच्या न्हायत. आन् नाव असं पाहिजे की वाचणाऱ्याला काम कळलं पाहिजे.

"मग साळू म्हणजे काय सर?" एकानं विचारलं.

"आमच्या गावात आहे एक साळू. गोठ्यातली घाण काढते. आम्हाला लहानपणापासून घाण म्हटलं की साळूच आठवते. बघा, आता तुम्ही कुणी हे नाव विसरणार नाही."

सगळ्यांनी दात काढले.

मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यानं मला न्हाय. पाचवीपासून मी होस्टेलला, आन् त्यांच्या घरातली माणसं मांगवाड्यातल्या पोरींची तोंडं कशाला ध्यानात ठेवतील.

मी उभी राहिले. "सर, ते नाव बदला."

"का?"

"ती माझी आई हाय."

त्यानं मला खालून वर बघितलं. निवांत बघितलं. मग म्हणाला, "अरे वा. मग तुला आनंद व्हायला पाहिजे. आईचं नाव छापून येतंय."

सगळे परत हसले. या बारीला जरा दबून.

आमचं गाव लोहाऱ्याकडं. मी तिसरीत असताना आई तापानं फणफणली होती. तरीबी उठून विक्रमच्या घरच्या गोठ्यावर गेली. मी तिच्या मागं. जायला उशीर झाला होता. विक्रमचा बाप, आबासाहेब, गोठ्यातच उभा. त्यानं एक शब्द विचारला न्हाय. आईच्या केसाला धरलं, खाली ओढलं आन् तिचं तोंड शेणात दाबलं. दाबून धरलं. आईला श्वास घेता येईना. हातपाय झाडायला लागली. मी दावणीपाशी उभी, माझी चड्डी ओली झाली. विक्रम ओट्यावर बसून खारी खात होता. त्यानं खायचं थांबवलं न्हाय.

सोडल्यावर आईनं पदरानं तोंड पुसलं आन् गोठा झाडला. सगळा झाडला. घरी जाताना मला एवढंच म्हणली, "तुझ्या बाला सांगू नगंस. त्यो जाईल आन् मार खाऊन यील."

म्हणून त्या खोलीत मी काय ऐकत होते ते हसणाऱ्यांना कळणार न्हवतं. विक्रमला कळत होतं. त्याला सगळं कळत होतं.

प्रोग्राम त्यानं मुद्दाम मला दिला. साळू चालू, साळू बंद, अशा ओळी त्यात जागोजाग यायच्या. मी तिथं मोरी लिहिलं. काम तेच, वाचणाऱ्याला कळतंबी. त्यानं परत पाठवलं. म्हणाला, ड्रॉइंगात जे नाव तेच प्रोग्रामात पाहिजे, तेच बोर्डावर छापलं जातं, तेच दुरुस्तीवाला वाचतो. नियम हाय. मी परत मोरी लिहिलं. त्यानं परत पाठवलं आन् माझ्यासमोर बसून स्वतःच्या हातानं साळू घातलं. तिथनं पुढं मला नाव राहिलं न्हाय. हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायचा, "ए साळूची, इकडं ये."

मी मालकाकडं गेले. मालक म्हातारा, तोंडानं गोड. म्हणाला, "चेष्टा आहे गं ती. त्याच्यासारखं ड्रॉइंग कोण करतं इथं? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बेटा."

बेटा म्हणला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी नोकरी धरून बसले. होस्टेलमधी उपाशी राहून केलेला डिप्लोमा असा टाकायचा? न्हाय टाकणार म्हणलं.

मग नवं मॉडेल आलं. त्यात घाण पाण्याचे वाल्व्ह दोन. विक्रमचा नियम असा की एकाच कामाचे दोन भाग असले तर नाव तेच, पुढं आकडा. बोर्ड छापून खोक्यानं आले. हिरवे बोर्ड, वर पांढरी अक्षरं. त्यानं एक उचलला आन् माझ्या टेबलावर आणून ठेवला. खोकं बाजूला ठेवलं. सगळी पोरं बघत होती.

"ही साळू एक. तुझी आई," त्यानं बोट ठेवलं. बोट सरकवलं. "ही साळू दोन. ही तू. तुला पोर झाली की तीन करू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लोक म्हणतात पुढचं काय आठवत न्हाय. मला सगळं आठवतं. बाजूच्या बाकावर पॅनेल ठोकायचा हातोडा होता. मी तो घेतला आन् पहिल्यांदा टेबलावरचा बोर्ड फोडला. मग खोकं उलटं केलं. एकेक बोर्ड घेतला, त्या नावावर हातोडा घातला. चिप उडाल्या. एकाच्या गालाला लागली. पोरं मागं सरकली. कुणी अडवलं न्हाय.

विक्रम धावत आला आन् त्यानं माझ्या केसाला धरलं. बापानं धरलं होतं तसंच, मानेपाशी मूठ वळून. माझं डोकं टेबलावर आपटलं. ओठ फुटला. "मांगाची पोर," तो म्हणाला, "नोकरी दिली तर डोक्यावर बसली."

त्याचा दुसरा हात टेबलावर होता. बोर्ड वाचवायला पसरलेला.

त्या हातावर मी हातोडा घातला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. तो ओरडला, पण माझे केस सोडले न्हाईत. म्हणून परत घातला. मग सोडले. बोर्डांवर रक्त सांडलं, त्याचंबी आन् माझंबी. तो खाली बसून आई गं आई गं करत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

त्यानं माझ्यावर मारहाणीची केस केली. मी त्याच्यावर ॲट्रॉसिटी लावली. ठाण्यात घेईनात, पण दोन दिवस पायरी सोडली न्हाय तवा घेतली. नोकरी गेली.

मग मालक मधी पडला. "दोघांनी केस मागं घ्या. इथून पुढं नाव बदलतो."

"आन् आधीच्या मॉडेलचे भूमला दूध केंद्रांवर बसलेत त्या बोर्डांचं?"

"ते कोण उतरवत बसणार? मशीनं बंद पडतील."

"मग न्हाय," म्हणलं.

आबासाहेबानं गावात आईला निरोप धाडला. काय धाडला ते आई सांगत न्हाय. जीप पकडून ती माझ्या खोलीवर आली, भिताडाला टेकून बसली.

"सोड गं बाय," म्हणली. "जलमभर घाणच काढली म्या. त्यांनी काय खोटं लिवलं?"

विक्रमचा आला न्हाय एवढा राग मला त्या बोलण्याचा आला. आईवर न्हाय. शेणात तोंड दाबून ज्यांनी तिला हे शिकवलं त्यांच्यावर. मी म्हणलं, "तू काढली. त्यांनी केली. त्यांच्या नावानं एक वाल्व्ह दाव मला." ती गावाकडं परत गेली न्हाय. आता माझ्याजवळच राहती.

परवा वकिलानं जबाब लिहून आणला. हातोडा हातातून निसटला, असं त्यात होतं. म्हणाला, "मॅडम, एवढं म्हणा. सुटाल."

मी तो कागद फाडला. निसटला न्हाय. म्या मारला. दोनदा मारला. कशापायी मारला ते कोर्टानं विचारावं, उभी राहून सांगते. शिक्षा झाली तर भोगीन. पण भूमच्या एकेका मशीनमधनं माझ्या आईचं नाव खरवडून निघाल्याबगर मी केस मागं घेणार न्हाय. आन् कुणी परत माझ्या केसाला हात घातला, तर मी परत मारीन.