गालात धरलेली गोळी

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर मेंढरांना औषधं पाजली, पण स्वतः कधी गोळी घेतली नाही. मंगळवेढ्याकडच्या आमच्या माळावर गुरांचा डॉक्टर सहसा फिरकत नसे, त्यामुळे कळपाचे डॉक्टर आबाच. मेंढरू गरीब, पण शेळी भारी लबाड. गोळी दिली की ती गालात धरते, शहाण्यासारखी तोंड मिटून उभी राहते आणि आपली पाठ वळली की थुंकून टाकते. म्हणून आबा तिचा जबडा वर धरून गळ्यावरून अंगठा खाली फिरवत राहायचे. गोळी उतरल्याची हालचाल अंगठ्याला लागली की मगच सोडायचे. लहानपणी शेळीचे पाय धरायचं काम माझ्याकडे असायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आबा सोलापुरात माझ्याकडे होते. मी एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि कुणी विचारो न विचारो, रक्ताबद्दल माहिती सांगायची मला खोड आहे. तापाचा पहिला आठवडा आबांनी आपल्या घोंगडीवर बसून, माझ्या भाकरीला नावं ठेवत काढला. मग ताप उतरला. "झालं की बरं. आता मला गावाकडं सोड," हा धोशा लगेच सुरू झाला. पण पुढच्याच दिवशी त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा घसरला. त्यांच्या रक्तातलं सुजेचं प्रमाण मी स्वतः तपासलं, तेव्हा ते इतकं जास्त आलं की मला आधी मशीनचाच संशय आला. मशीन बरोबर होतं.

दवाखान्यात खाट मिळेना. शेजारचे चाचा चिंचोळी एमआयडीसीत टेम्पोनं माल पोचवतात. त्यांनी कुठूनसं ऑक्सिजनचं मशीन आणून दिलं. डॉक्टरांनी फोनवर स्टेरॉइडच्या गोळ्या सांगितल्या आणि बजावलं, "दोन दिवसांत सुधारणा दिसली नाही, तर त्यांना पुण्याला न्यावं लागेल. आणि तेवढा प्रवास त्यांना झेपेल, असं मला वाटत नाही."

"ही कशाची गोळी?" आबांनी विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं होतं ना! "तुमची प्रतिकारशक्ती जरा दाबायची आहे, आबा."

"दाबायची?"

"हो."

"बरं."

सगळी गल्ली प्रतिकारशक्ती वाढवायला काढे उकळत होती, आणि त्यांची पोटची पोर ती दाबायला निघाली होती. आबांनी निमूटपणे गोळी तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी घेतलं. आबा निमूटपणे काही करतात तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

दोन दिवस झाले तरी आकडा हलेना. केर काढताना घोंगडीचं टोक उचललं, तर खाली चार गोळ्या. अर्धवट विरघळलेल्या आणि वर लोकर चिकटलेल्या.

मी ओरडले. खरं म्हणजे मी घाबरले होते. माझा बाप माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर मरणार, असं मला वाटत होतं, आणि ते बोलता येत नव्हतं म्हणून ओरडत होते. "शेळीसारखं गालात धरून बसता?"

"शेळीला कळतंय, काय गिळायचं आन काय न्हाय," आबा धापा टाकत म्हणाले.

मग मी समजावायला बसले. विषाणू आता ओसरत आलाय, पण त्याची प्रोटीनं, त्या प्रोटीनांचे तुकडे तुमच्या फुफ्फुसात पडून आहेत. ते दिसले की तुमच्याच पेशी खवळतात, एकमेकींना हाका मारून गोळा करतात आणि फुफ्फुसावरच तुटून पडतात. श्वास त्या सुजेनं अडकतोय.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "प्रोटीन अंड्यात असतंय म्हणालीस की परवा. मग मला दोन टायमाला अंडी कशाला चारतीस?"

मी कपाळावर हात मारला. मग एकदम आमचं कुत्रं आठवलं. "आबा, लांडगा आला होता त्या दिवशी आपल्या कुत्र्यानं काय केलं होतं?"

"हाकलला की त्याला."

"आणि नंतर?"

"लांडग्यानं धरलेली मेंढी हुती. तिच्या अंगाला त्याचा वास लागलेला. कुत्रं तिलाच फाडाय लागलं."

"हे तुकडे म्हणजे तो वास. कुत्र्याला मग तुम्ही मारलं?"

"कशाला मारीन? बांधलं. डोकं शांत झाल्यावर सोडलं." मग बारीक डोळे करून त्यांनी विचारलं, "आन लांडगा हाय तवरच बांधलं तर?"

"म्हणूनच डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात ही गोळी दिली नाही."

आबांनी तोंड उघडलं. पण मीही त्यांचीच लेक. गोळी ठेवली, त्यांचा जबडा वर धरला आणि दाढीच्या खुंटांवरून, गळ्यावरून अंगठा खाली फिरवत राहिले. हालचाल अंगठ्याला लागली तेव्हा कुठे हात काढला. दर वेळी तसंच केलं. डॉक्टरांची दोन दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि आकडा तिसऱ्या दिवशी हलला. पूर्ण सावरायला महिना गेला.

लॅबमध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी ही कुत्र्याची गोष्ट सांगते. इतकं अवघड शास्त्र एका धनगराच्या गळी उतरवलं, याचा मला काय गर्व होता म्हणून सांगू!

परवा आबा गावाहून आले. चाचा त्यांना भेटायला आले होते आणि मी आत चहा गाळत होते. चाचा म्हणाले, "बेटीनं एवढं समजावलं म्हणून वाचलात बघा, आबा."

"समजावलं कुटलं! दोन तास प्रोटीन प्रोटीन करत हुती. कुत्र्याचं बोलली, त्ये बी मला काय पटलं न्हवतं."

"मग गिळली कशी?"

"तिचा हात कापत हुता, चाचा. ल्हानपणी शेळीनं लाथा झाडल्या तरी पाय सोडायची न्हाय ही पोरगी. आन त्या दिवशी माझ्या गळ्यावर हात ठिवला तर थरथर कापाय लागली. म्हनलं, लई भ्यालीय. मग गिळली."