मोठ्या टायरची जीप आणि काकूंचं लिंबू

नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत, हे मला जीप घ्यायच्या आधीही माहीत होतं.

अगदीच नाहीत असंही नाही. आमच्या बाडहूव्हडॉर्प गावाजवळ हायवेच्या वरून जाणारा एक पूल आहे, त्याला इथली माणसं चढ म्हणतात आणि सायकलवरून उतरून हुश्श करतात. पण मी पडले वाईची. गाडी शिकले ती पसरणीच्या घाटात, बाबांच्या जीपवर. (हे मी इथं भेटणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवते. माझा नवरा संदीप म्हणतो, नाव सांगायच्याही आधी.) डिपेंडंट व्हिसावर आले, काही वर्षं घरात बसले, मग केटरिंगचं काम सुरू केलं. ते जरा चाललं, तेव्हा कोणी दागिना घेतं, मी जुनी जीप घेतली. दिवाळीच्या फराळाचे डबे पोचवायला फोर व्हील ड्राइव्ह कशाला लागते, असं संदीपनं विचारलं होतं. मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

जीप आली, पण मनासारखी दिसेना. चाकं बारकी वाटायची, भारदस्त बाईनं लहान मुलीच्या सपाता घातल्यासारखी. म्हणून मी चिखलात चालवायचे मोठे टायर बघून ठेवले. संदीप आयटीतला. तो पोळपाट घ्यायचा तरी आधी रिव्ह्यू वाचतो. त्यानं दोन संध्याकाळी वाचन केलं आणि मला समोर बसवून म्हणाला, "मृणाल, मोठे टायर लावले की स्टिअरिंग जड होतं. गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे भटकते. ब्रेक उशिरा लागतो. आणि पूर्ण वळवलं की चाक मडगार्डला घासतं, म्हणजे आत्ता वळते तेवढी वळणारच नाही."

"पसरणीच्या घाटात वळत होती ती?"

"त्या जीपला हे टायर नव्हते."

"तू ना, सायकलसुद्धा मॅन्युअल वाचून चालवशील," मी म्हटलं, आणि टायर बसवून आणले. बसवताना गॅरेजवाल्यानं फक्त खांदे उडवले. डच माणूस खांदे उडवतो तेव्हा तो 'बाई, नको' म्हणत असतो, हे मला आता कळतं.

गाडी दिसायला लागली झकास, यात शंका नाही. चालवायला मात्र संदीप म्हणाला तशी तंतोतंत झाली. पहिल्याच दिवशी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी इतक्या वेळा पुढेमागे केलं, की एक आजोबा आपली ट्रॉली सोडून बघत उभे राहिले. दंड असे भरून आले की कणीक मळताना कळ यायची. पण हे घरी कसं सांगणार? मी गुपचूप रस्ते बदलले. अरुंद वळणं टाळून लांबून जायला लागले. पाच मिनिटांवरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला अर्धा तास लागायचा, आणि संदीपनं विचारलं तर म्हणायचे, "ओळखीची भेटली रे एक."

हे सगळं झाकलं गेलं असतं, पण मध्ये माझ्या नणंदेचं लग्न आलं.

ऋजुता, संदीपची धाकटी बहीण, रॉटरडॅमला नोकरी करते. तिचं आणि द हेगच्या निखिलचं आपापसात ठरलेलं होतं. निखिलच्या आईवडिलांचा होकार तेवढा बाकी होता. ते दोघं नाशिकहून मुलाकडे आले होते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होते. आदल्या दिवशी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "मृणाल, आम्ही इतक्या लांब. वहिनी आईच्या जागी असते, तूच बघ गं सगळं." असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. या घरात मी सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदाच माझ्यावर एवढं काही सोपवलं होतं. जमलं तर ऋजुताचं नशीब, आणि फिसकटलं तर वहिनीनं घालवलं, हे आमच्याकडे लिहून द्यावं लागत नाही.

जेवण उत्तम झालं. काका मोकळे, बडबडे. काकू शांत, पण नजर अशी की कपाटात कोंबलेला पसारा बंद दारातून दिसावा. नारायणपेठ साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. पुरणपोळीचा घास खाऊन त्या "छान" म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. इथंच थांबायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करायची मला खोड. मी म्हटलं, "चला, तुम्हाला इथलं खरं खेडं दाखवते. गायी, कालवे, चीज करतात ते शेत."

"माझ्या गाडीनं जाऊ," संदीप घाईघाईनं म्हणाला.

"तुझ्या त्या डबीत? पाहुण्यांना?"

ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, खरंच जीप?"

"तू गप गं. लायसन्स काढून तुला झालेत किती दिवस!" (इथल्या मास्तरांकडे शिकलेली ती. गल्लीतून निघायचं तरी तीनदा खांद्यावरून मागे बघते. मी तिची नक्कल करून दाखवायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा.) निखिल ट्रेनमध्ये आपली सायकल घालून आला होता. तो म्हणाला, "गाडीत पाचच जण मावतील, मी सायकलनं पुढे होतो." मला वाटलं, केवढा समजूतदार मुलगा. तो नुसता समजूतदार नव्हता, त्यानं टायर पाहिले होते.

जीपपाशी आल्यावर पहिली पंचाईत झाली. टायरमुळे गाडी उंच झालेली, काकूंचा पाय पोचेना. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. काकांनी एका हाताला धरलं, ऋजुतानं दुसऱ्या, आणि काकू वर चढता चढता थांबल्या.

"टायर नवे दिसतात. चाकाखाली लिंबू ठेवलं होतं?"

"नाही, काकू."

"नाही?" काकू परत खाली उतरल्या. एवढ्या मोठ्या गाडीला नवी चाकं लावली आणि लिंबू नाही! मी धावत जाऊन लिंबू आणलं. इथली लिंबं पिवळीधमक, जाड सालीची, मोसंबीएवढी. चाकाखाली ठेवलं, मी गाडी पुढे घेतली, आणि लिंबू फुटायच्या ऐवजी सटकलं ते घरंगळत शेजारच्या आजींच्या गुलाबांत गेलं. आजींनी ते पुसून, हसतमुखानं आणून दिलं. काकूंनी ते पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "फुटलं नाही." बस, एवढंच. मी त्यांना पुन्हा स्टुलावरून वर चढवलं आणि स्टूल डिकीत टाकलं.

रस्त्याला लागल्यावर टायरच्या घरघरीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. काका मागून ओरडत होते, "ऋजुता, पगार नको विचारत, पण सुट्ट्या किती मिळतात?" आणि ऋजुता ओरडून सुट्ट्या सांगत होती. माझ्या शेजारी काकूंनी दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. गाडी डावीकडे ओढायची, मी सावरायचे, मग ती उजवीकडे ओढायची.

"वारा आहे," मी म्हटलं.

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

चीजच्या शेतावर जायचा रस्ता बांधावरून जातो. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार आणि खाली पाण्यानं भरलेला चर. मध्येच उजवीकडे काटकोनात वळून कालव्यावरच्या छोट्या पुलावर चढायचं. पूर्वीच्या टायरवर मी तिथून एका हातानं वळले होते. आता दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. खर्रर्र असा आवाज झाला, चाक मडगार्डला टेकलं आणि स्टिअरिंग पुढे जाईना. ब्रेक दाबला, तो लागेपर्यंत गाडीचं नाक पुलाच्या कठड्याला जाऊन टेकलं.

मागून संदीपचा आवाज आला, "मडगार्ड."

"माहितीये."

रिव्हर्स घेतला. मागे चर. पुढे घेतलं, पुन्हा कठडा. अशा दोनतीन खेपा झाल्या आणि जीप अशी आडवी बसली की पूलही बंद आणि बांधावरचा रस्ताही बंद. दोन्हीकडे सायकली थांबल्या. मग पलीकडून एक ट्रॅक्टर आला. आपल्याकडे एव्हाना चार हॉर्न आणि दोन शिव्या झाल्या असत्या, आणि खरं सांगते, त्या परवडल्या. इथं कोणी हॉर्न वाजवत नाही. थांबतात आणि बघतात. ट्रॅक्टरवाल्यानं तर इंजिन बंद करून डब्यातलं सँडविच काढलं.

"मी उतरून सांगतो," काका म्हणाले. काकूंनाही उतरायचं होतं, म्हणून संदीपनं डिकीतलं स्टूल काढून दिलं. मग काका गाडीच्या एका बाजूला आणि काकू दुसऱ्या बाजूला अशी व्यवस्था लागली.

"येऊ द्या, येऊ द्या," काका म्हणाले.

"थांबा," काकू म्हणाल्या.

"अहो, भरपूर जागा आहे, येऊ द्या!"

काकांकडे जागा भरपूर होती, खरंच. मी काकांचं ऐकलं. काकूंच्या बाजूचं मागचं चाक बांधाच्या कडेवरून गवतात उतरलं आणि आम्ही तिरके झालो. संदीप हळूच घसरत ऋजुताच्या अंगावर गेला. एका सायकलवाल्या बाईनं खिडकीशी येऊन विचारलं, "खात हेत, मेव्ह्राउ?" म्हणजे, बाई, ठीक आहात ना? मी मान डोलावली. ठीक कसली, मला रडू येत होतं. सासूबाईंचा तो डोळ्याला लावलेला पदर दिसत होता.

काकूंनी टाचा उंचावून खिडकीतून विचारलं, "हे आधी कधी झालं होतं?"

एवढा सरळ प्रश्न. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाही हो काकू, रस्ताच अरुंद आहे."

त्याच क्षणी ट्रॅक्टरवाल्यानं सँडविच संपवून हात झटकले. त्याचा ट्रॅक्टर माझ्या जीपच्या दीडपट रुंद होता आणि तो याच रस्त्यानं रोज जात असणार. काकूंनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी म्हणायची गरजच नव्हती. मीच मनात म्हटलं, आणि मान खाली घातली.

"वहिनी, उतर," ऋजुता मागून म्हणाली. शांतपणे.

मी उतरले. ती स्टिअरिंगवर बसली, सीट पुढे घेतली, आरसे लावले, आणि तीनदा खांद्यावरून मागे पाहिलं. कोणाला हसू आलं नाही. मग म्हणाली, "काका, तुम्ही आता विश्रांती घ्या. काकू, मला फक्त तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेवढंच हलवते."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. नवऱ्याला गप्प करून फक्त आपलं ऐकणारं माणूस त्यांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदा भेटलं असावं. त्यांनी पर्समधून लिंबू काढलं, आणि चाकाखाली नीट, मधोमध दाबून ठेवलं. मग नीट दिसावं म्हणून स्टुलावर चढल्या. नारायणपेठ, पांढरे बूट, एक हात वर. दोन्हीकडच्या सायकली त्या हाताकडे बघायला लागल्या.

"येऊ दे… येऊ दे… बास. आता थोडं वळव. येऊ दे…"

फच्च आवाज झाला. लिंबू फुटलं. चाक वर आलं.

तेवढ्यात निखिल शेताकडून सायकल हाणत आला. आम्ही पोचलो नाही म्हणून शोधायला निघाला होता. "आई, तू स्टुलावर काय करतेयस?"

"मध्ये बोलू नकोस. ऋजुता गाडी काढतेय."

वीतभर पुढे, वीतभर मागे, असं करत करत तिनं ती जीप सरळ केली. एकदाही कठड्याला लागली नाही. सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "चला, घोडं गंगेत न्हालं." काकू स्टुलावरून उतरून थेट पुढच्या सीटवर चढल्या, ऋजुताच्या शेजारी. काका आणि संदीप मागे बसले. मी बसायला गेले, तर काकू म्हणाल्या, "निखिल, तू ये गाडीत. ऋजुता कशी चालवते ते बघ जरा."

पाचच सीट. पाचही भरल्या, आणि चीजचं शेत राहिलं बाजूला, जीप घराकडे निघाली. बाहेर राहिलो मी आणि निखिलची सायकल.

निखिल सहा फुटी. त्याची सायकल त्याच्या मापाची. सीटवर बसलं की माझे पाय पेडलला पोचेनात, आणि वळायला गेलं की गुडघा हँडलला घासायचा. मोठ्या चाकांची हौस त्या संध्याकाळी माझी पुरेपूर फिटली. निम्मा रस्ता मी ती सायकल हातात धरून चालत आले, तेव्हा एक बदक बराच वेळ माझ्याबरोबर चालत होतं. तेवढीच सोबत.

घरी पोचले तर दारातूनच व्हिडिओ कॉल ऐकू आला. काकू सासूबाईंना सांगत होत्या, "मुलगी आम्हाला अगदी पसंत आहे. फार गुणी. डोकं शांत, माणसाचं ऐकून घेते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं होतं. माझ्यामुळे नाही, पण जमलं होतं. मग सासूबाईंनी विचारलं, "आणि आमची सून कशी वाटली?"

"मनानं चांगली आहे हो," काकू म्हणाल्या.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यापुढे काही ऐकायची गरज नसते.

मी आत न जाता मागच्या शेडकडे वळले, तर संदीप तिथंच होता. माझे जुने टायर बाहेर काढून पुसत होता. मी त्याला ते विकून टाक म्हणून सांगितलं होतं. त्यानं ते ताडपत्रीखाली जपून ठेवले होते. फडकं घेऊन एक मी पुसायला लागले.

लग्न नाशिकला ठरलं आहे. परवा काकूंनी व्हॉट्सॲपवर कोणी काय करायचं ते कळवलं. वरातीची गाडी ऋजुताचा मामा चालवणार. वहिनी आईच्या जागी असते, हे काकू विसरलेल्या नाहीत, त्यामुळे मलाही मानाचं काम आहे. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि लगेच बाजूला व्हायचं.