नळदुर्गच्या सिनेमातली बाई

सोलापूर मागे टाकून एसटी हैदराबादच्या रस्त्याला लागली आणि खिडकीतून जे दिसू लागलं ते सगळं मी आधी पाहिलेलं होतं. काळी रानं, मधूनच उघडा पडलेला खडक, लांबवर एखादंच लिंबाचं झाड आणि त्याखाली बांधलेल्या दोन-तीन शेळ्या. खरं तर या भागात मी जन्मात पहिल्यांदाच येत होते. हे सगळं मी पाहिलं होतं साताऱ्याला, घरातल्या टीव्हीवर, आणि तेही बिनरंगी.

त्याचं असं झालं. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले त्याच महिन्यात जिन्यावरून पडले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. आयुष्य पुस्तकांत गेलेलं, पण पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या पुस्तक हातात धरवेना. भाच्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. मी स्वतःला एक नियम घालून घेतला: ज्याचं नाव कधी ऐकलं नाही आणि ज्यातलं कुणी ओळखीचं नाही, असाच सिनेमा बघायचा. पाय बरा झाला तरी नियम सुटला नाही. वर्षभरात दोन वह्या भरल्या. त्यातले जिवापाड आवडलेले सिनेमे निघाले नऊ. पोहता न येणाऱ्या नावाड्याचा एक बंगाली सिनेमा होता. एकाच मागावर काम करणाऱ्या, पण एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणींचा एक कन्नड होता. पोलंडचा एक तर सगळाच्या सगळा दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर घडत होता.

नववा मराठी होता, आणि त्याचं नाव मला आजही माहीत नाही. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकलेला. सुरुवातीची नावं कापली गेलेली, आवाज खरखरीत. एक ट्रक नळदुर्गजवळ बंद पडतो आणि ड्रायव्हर तीन दिवस सुट्या भागाची वाट बघतो, एवढीच गोष्ट. त्यात रस्त्याच्या कामावरची एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत असते. ड्रायव्हर विचारतो, हैदराबाद किती लांब? ती मान वर न करता उत्तर देते. ते उत्तर मी वहीत लिहून घेतलं होतं: ‘आपलं माणूस तिथं असलं तर गाव जवळ, नसलं तर लांब.’ अख्ख्या वर्षात मी पाहिलेल्या शेकडो नटनट्यांमध्ये असं सहज बोललेलं कुणी नव्हतं. शेवटी पडद्यावर फक्त ‘नळदुर्ग परिसरातील ग्रामस्थांचे आभार’ अशी एक ओळ येते. त्या बाईचं नाव कुठेच नाही. ते शोधायला मी निघाले होते. सिनेमा पेनड्राइव्हवर घेतला होता.

कंडक्टरने मला गावात न उतरवता बाहेरच्या रुंद रस्त्यावरच उतरवलं. जानेवारीतलं ऊन, हातात बॅग आणि कुरकुरणारा गुडघा. दहा मिनिटं चालून समोर आलेल्या पहिल्याच ढाब्यात मी शिरले. चार-पाच ट्रक उभे होते. गल्ल्यावर साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पाठवला, मग स्वतः आले. त्यांचं नाव मुनीरभाई.

‘‘लंगडताय ताई. कुठून चालत आलाव?’’

मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी समोरची खुर्ची ओढली.

‘‘याद हाय ना मला. शूटिंगवाले इथंच जेवायचे. तवा गल्ल्यावर आमचे अब्बा बसायचे, मी भट्टीवर. ती बाई म्हणजे कौसाबाई. नवराबायकू दोघं खडी फोडायच्या कामावर होती. तिला चुलीपुढं बघितलं आन् त्या सायबानं तिथंच कॅमेरा लावला.’’

‘‘तुम्ही सिनेमा पाहिलाय?’’

‘‘कुणीच न्हाय बघितला. आज लागंल, उद्या लागंल म्हणून आमी लई वाट बघितली. लागलाच न्हाय. मग लोक तिला नटी म्हणून चिडवायला लागले. आता लेकाकडं असती, तामलवाडीला.’’

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) लावून केलेली आमटी आली. इतकी झणझणीत आमटी खाऊनही घसा शांत राहतो, हे मला नवीन होतं. जेवताना मुनीरभाईंना मी पेनड्राइव्हवरचा सिनेमा त्यांच्या टीव्हीवर लावून दाखवायला निघाले, पण त्यांनी हात आडवा केला. ‘‘आधी तिला दाखवा,’’ म्हणाले.

दुपारी किल्ला पाहिला. बोरी नदीच्या पात्रात आडवा बांध आणि त्या बांधाच्या पोटात महाल, अशी अजब रचना. पावसाळ्यात पाणी महालावरून कोसळतं म्हणे. आता नुसती हिरवट डबकी होती. महालाच्या कमानीशी उभी राहिले आणि लक्षात आलं, सिनेमातला ड्रायव्हर इथंच बसून पत्र वाचतो. कॅमेरा कुठे असेल ते मी पावलांनी मोजून काढलं. एका माळकरी आजोबांनी काय हरवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, सापडलंय.

दुसऱ्या दिवशी शनिवारी तुळजापूरमार्गे तामलवाडीला पोहोचले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाण्यात आली होती आणि पाखरं राखायला मचाणांवर माणसं बसली होती. अंगणवाडीत काम करणाऱ्या शालनताई कौसाबाईंच्या सूनबाई. त्यांच्याच दारात एक सडसडीत म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती. मान वर न करता. मी लगेच ओळखलं. दारावर बाबासाहेबांची तसबीर होती.

‘‘जय भीम, मावशी. मी साताऱ्याहून आले. तुम्ही नळदुर्गला असताना एका सिनेमात काम केलं होतं.’’

सूप थांबलं नाही. ‘‘म्या न्हवं ती. दुसरं कुणी असंल.’’

आतून त्यांचा मुलगा अशोक बाहेर आला. टेम्पो चालवतो, चाळिशीचा, भारदस्त माणूस. ‘‘ताई, तुम्ही लांबून आलाव, च्या घ्या,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘पर त्यो विषय आमच्यात काढत न्हाईत.’’

मला कानकोंडं झालं. चहा संपवून उठताना, निदान आपण वेडगळ नाही एवढं तरी कळावं म्हणून मी वही काढली. ‘‘चुकले असेन मी. पण त्या बाईंचं एक वाक्य वर्षभर माझ्या सोबत होतं, म्हणून आले.’’ आणि वाचलं, ‘‘आपलं माणूस तिथं असलं तर गाव जवळ, नसलं तर लांब.’’

सूप थांबलं.

‘‘गाव न्हाय म्हणले मी,’’ कौसाबाई म्हणाल्या. ‘‘गाव कसं जवळ यील? गाव जाग्यावरच असतंय. वाट म्हणले. वाट जवळ, वाट लांब.’’

अशोक दारात तसाच उभा राहिला. शालनताईंनी पदर तोंडाला लावला. कौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पुढचं सगळं एका दमात सांगितलं. साहेबाने कागद दिला होता, पण त्यांना वाचता येत नव्हतं. तो वाचून दाखवू लागला तर त्याच म्हणाल्या, असं कुणी बोलत नाही. मग तो म्हणाला, तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

‘‘म्हणजे ते वाक्य तुमचंच?’’

‘‘मंग कुणाचं? माझा भाऊ तवा हैदराबादला व्हता.’’

उरलेलं अशोकने सांगितलं, जमिनीकडे बघत. ‘‘मी चौथीत व्हतो. वर्गात सांगितलं, माझी माय सिनेमात हाय. समदे हसले. मी एकाला मारलं, गुरुजींनी मला मारलं. घरी येऊन मायला म्हणलं, पुन्हा कुणाला सांगू नगं. तवापसून तिनं सांगितलं न्हाय.’’ मग त्याने विचारलं, ‘‘सिनेमा हाय का तुमच्याकडं? उद्या ऐतवार हाय. समद्या वस्तीला दाखवू.’’

रविवारी दुपारी वस्तीतल्या बुद्धविहारात तयारी सुरू झाली. शालनताईंनी शाळेतल्या गुरुजींकडून प्रोजेक्टर आणला. भिंत पांढरीच होती, पण खिडक्यांतून इतका उजेड येत होता की चित्र उमटेना. बायकांनी घराघरातून वाकळा (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) आणून खिडक्यांना टांगल्या. मग आवाज ऐकू येईना. तेव्हा वंदनेसाठी वापरायचा कर्णा जोडला. या खटपटीत तासभर गेला, आणि तोवर विहार भरून दारातही माणसं उभी राहिली. कौसाबाई पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसल्या. पुढे यायला तयार होईनात.

सिनेमा सुरू झाला. चुलीचा प्रसंग विसाव्या मिनिटाला येतो, हे मला पाठ होतं. तोवर कुजबुज, खोकला, लेकरांची रडारड चाललेली. चूल आली, धूर आला, धुरामागून पस्तिशीची कौसाबाई आली आणि दारातली माणसंही आत सरकली. ड्रायव्हरने हैदराबादचं विचारलं. कर्ण्यातून उत्तर आलं, खणखणीत. आणि ते ‘वाट’ होतं. टीव्हीच्या खरखरीत मी दरवेळी ‘गाव’ ऐकलं होतं.

‘‘कौसाआत्या हाय ही,’’ पुढून कुणीतरी म्हणालं. शंभर माणसांनी माना मागे वळवल्या.

‘‘परत लावा ताई,’’ अशोक म्हणाला. मी परत लावलं. तो उठून भिंतीजवळ गेला, इतका की त्याची सावली चित्रावर पडली. त्याचं बोट चुलीवर नव्हतं. मागे, चित्राच्या कोपऱ्यात, जिथे एक मुंडासं बांधलेला माणूस खडी फोडत होता, तिथे होतं. मी त्या माणसाकडे कधी पाहिलंही नव्हतं.

‘‘माय, ह्यो कोण?’’

‘‘तुझा बाप,’’ कौसाबाई म्हणाल्या.

अशोकच्या वडिलांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात त्यांचा एकच फोटो होता, कसल्याशा कार्डावरचा, डोळे मिटलेला. इथे ते घाम पुसत होते, घण उचलत होते, एकदा मान वळवून बायकोकडे बघून हसतही होते. तो तुकडा आम्ही सात वेळा लावला. दरवेळी कुणीतरी नवं काही दाखवून देत होतं. चौथ्या वेळी अशोक मागे गेला आणि आईचा हात धरून तिला पहिल्या रांगेत घेऊन आला. सिनेमा संपल्यावर माणसं हलेनात. एकेक जण कौसाबाईंपुढे येऊन वाकून नमस्कार करून गेला. त्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या, ‘‘म्या सांगितलं व्हतं.’’

सोमवारी सकाळी निघायला लागले तर मला अडवलं गेलं. ‘‘तुमच्या वहीत आणिक कोणते हायेत?’’ कौसाबाईंनी विचारलं. दुपारी पुन्हा वाकळा टांगल्या आणि मी बंगाली नावाड्याचा लावला. भाषा कुणाला कळत नव्हती. अडलं तिथे मी सांगत होते. पोहता येत नाही ही गोष्ट नावाडी गावापासून लपवतो, असं मी वहीत लिहिलं होतं. सिनेमा संपल्यावर कौसाबाई म्हणाल्या, ‘‘बायकूला ठाव हाय की. म्हणून तर ती रोज घाटावर दोरी घिऊन बसती.’’

ती दोरी मीही पाहिली होती. कपडे वाळत घालायची समजले होते. वहीत मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

मंगळवारी अशोकने टेम्पोतून धाराशिवला सोडलं. हुरड्याची पिशवी आणि शेंगाचटणीचा डबा बळेच बॅगेत कोंबला गेला. बाजारात त्याने मला खव्याचे गुलाबजाम खाऊ घातले, इथले प्रसिद्ध, कडेला किंचित करपल्यासारखे गडद. स्टेशनवर गाडीला उशीर होता तरी तो थांबला. तोवर मुनीरभाईंचा फोन येऊन गेला होता: ढाब्याची मागची भिंत चुन्याने पांढरी करून घेतोय, कौसाबाईला कधी आणताय. अशोक मला म्हणाला, ‘‘मी मायला गप केलं व्हतं ताई. आता ती गप बसंना,’’ आणि मोकळेपणी हसला.

घरी पोहोचल्यावर चार दिवसांनी शालनताईंच्या फोनवरून कौसाबाई बोलल्या. दर रविवारी दुपारी विहारात एक सिनेमा, असं बायकांनी ठरवलं होतं. कोणते लावावेत याची यादी सांगायला मी वही उघडली, तर म्हणाल्या, ‘‘यादी ऱ्हाऊ द्या. ह्या ऐतवारी कंचा लावायचा ते आमी ठरवलंय. शाळंतल्या पोरींनी शोधलाय. तुमी बी तिकडं दोन वाजता त्योच लावा. मंग बोलू.’’

वर्षभर मी सिनेमे एकटीने पाहिले आणि समजत होते की मन लावून पाहिले. एका चुलीमागचा माणूस मला दिसला नव्हता, एक दोरी कळली नव्हती, एक शब्द चुकीचा ऐकला होता. याची खंत वाटायला हवी, पण वाटला तो आनंद: उरलेल्या सातांमध्ये अजून किती काय राहिलं असेल. रविवारी मी लवकर जेवून घेतलं. सिनेमा मणिपूरकडचा होता, मी नावही ऐकलं नव्हतं. बरोबर दोनला लावला आणि या वेळी आधी चित्राचे चारही कोपरे बघून घेतले.