विमान आलं नाही, अंगठा मात्र उमटला

सख्ख्या धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला फसवलं. वादळामुळे बहीण चेन्नईच्या विमानतळावर अडकून पडली होती. त्याच दुपारी धुळे जिल्ह्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात भावाने तिच्या नावाने दुसरीच बाई उभी केली आणि तिची जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आता आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र अजूनही जेवताना आठवतं आणि मी ताट बाजूला सारतो.

माझे वडील आठवडे बाजारात भाजी विकायचे. भाव कसा करायचा ते मी त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसून शिकलो. पोलिसांत शिपाई म्हणून लागलो, खात्याच्या परीक्षा देऊन अधिकारी झालो. कुणाची चिठ्ठी नव्हती, कुणाचा फोन नव्हता. मला राग लवकर येतो. त्याने माझं नुकसान झालं आहे, या प्रकरणातही झालं.

सोनगीरच्या पुढे, महामार्गापासून जवळच्या एका गावातली ही बहीण. तिचा नवरा चेन्नईला बंदरात नोकरीला होता. तो वारला आणि राहती जागा सोडण्याची नोटीस आली. वडिलांनी मरण्याआधी गावातल्या शेतात विहिरीजवळ दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या आणि चारचौघांत सांगितलं होतं, "ही विहीर, ह्या खोल्या आणि चार एकर अक्काचे. तिला कधी परत यावंसं वाटलं तर दार उघडं पाहिजे." वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. बाईला परत यायला जगात तेवढी एकच जागा होती.

भावाने वाटणीपत्र करायला तिला बोलावलं. तिकीट मीच काढतो म्हणाला आणि तिच्याकडून आधार कार्डाचा फोटो मागवून घेतला. चेन्नई ते हैदराबाद एक विमान, तिथून जळगावला दुसरं. निबंधकाकडे दुपारची वेळ घेऊन ठेवली.

त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरातलं वादळ चेन्नईकडे सरकत होतं. सकाळी ती विमानतळावर पोहोचली तेव्हा निम्मी विमानं रद्द झालेली होती. दहाच्या सुमारास तिचंही रद्द झालं आणि थोड्या वेळाने धावपट्टीच बंद केली. बाहेर पाणी भरलेलं, रिक्षा नाही, टॅक्सी नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिली. पिशवीत भावजयीसाठी घेतलेली साडी होती.

तिने भावाला फोन केला. तो म्हणाला, "जीव सांभाळ अक्का. कागद काय, पुढच्या महिन्यात करू."

रिकामी बसली होती, म्हणून दुपारी पुन्हा फोन करून ती सहज म्हणाली, "मग त्या कागदाचा फोटो तरी पाठव. दिवसभर इथेच आहे, वाचून काढते."

या एका वाक्याने घात केला. कारण तयार होतं ते वाटणीपत्र नव्हतंच. ती हक्कसोड होती. बहिणीने आपला वारसाहक्क भावाला सोडून द्यायचा, असा तो दस्त. आमच्याकडे बहुतेक बहिणी तो मुकाट्याने करून देतात, माहेर तुटू नये म्हणून. ही बाई प्रवासातून दमून आली असती, भावाने बोट ठेवलं तिथे सही केली असती. वाचून आली असती तर सही झाली नसती. म्हणून त्याने पुढचा महिना सोडून तीच दुपार गाठली.

तीन आठवड्यांनी ती रेल्वेने आली. तलाठ्याकडे गेली तर नाव कमी करण्याचा फेरफार लागलेला. तशीच ठाण्यात आली. सकाळची हजेरी चालू होती, बंदोबस्ताची वाटणी चालली होती.

"साहेब, मी त्या दिवशी आलेच नाही. वादळ होतं, विमान रद्द झालं होतं."

आमच्याकडे त्या दिवसांत नुसतं आभाळ आलं होतं. कापूस भिजेल म्हणून लोकांनी वेचणीची घाई केली, एवढाच काय तो वादळाचा परिणाम. मी दस्ताची नक्कल पाहिली. सही आहे, चेहरा ओळखू येऊ नये इतका काळपट का होईना, फोटो आहे, अंगठा आहे, दोन साक्षीदार आहेत. मी तिच्यावर खेकसलो, "सही करून मग मन फिरलं की सगळ्या बहिणी इथेच येतात. ही दिवाणी बाब आहे. वकील गाठा."

ती भांडली नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दुपारी मी जेवून आलो तरी तिथेच होती. ही माझी पहिली चूक, आणि ती मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी एका दस्तलेखकाकडे चहा घेत होतो. जुनी ओळख. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठे घेऊ नका. तो भाऊ बारा वाजता माझ्याकडे आला होता. बहिणीचं विमान अडकलं, पुढची तारीख घ्या म्हणत होता. तीन वाजता बहिणीला घेऊन हजर! मी मनात म्हटलं, ही बाई वादळावर बसून आली का काय?"

मी चहा अर्धा टाकून उठलो. अर्ज चौकशीला घेतला आणि विमान कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. चेन्नईचं विमान रद्द. हैदराबादहून जळगावला आलेल्या विमानात बाईची जागा रिकामी. मोबाइलचं ठिकाणही दिवसभर चेन्नई विमानतळाचंच. गुन्हा नोंदवला आणि भावाला बोलावलं. उत्तराचा कागद खणात ठेवला.

खोटं बोलणारा माणूस बाजारातल्या विक्रेत्यासारखा असतो. आधी मोठा भाव सांगतो. त्याच्यावर ओरडायचं नाही, हळूहळू खाली आणायचं.

"बहीण कशी आली?"

"विमानानं, साहेब. वादळाच्या आधीच ती हैदराबादला मैत्रिणीकडे गेली होती. तिथून जळगाव. मीच गाडी घेऊन गेलो होतो."

"घरी किती राहिली?"

"दोन दिवस."

"दोन दिवस जास्त होतात, भाऊ. एवढ्या वर्षांनी लेक आली आणि गल्लीतली एक बाई भेटायला आली नाही?"

तो घुटमळला. "दोन नाही, एकच मुक्काम."

"जेवायला काय होतं?"

"शेवभाजी."

"तुझ्या शेजारणीला विचारू? ती म्हणते त्या दिवशी एकादशी होती, तुमच्या घरात चूल फराळापुरतीच पेटली."

"मग मुक्काम नाही केला. दस्त झाला आणि लगेच परतली."

"कशानं?"

"विमानानंच."

"जळगावला आलेलं विमान तासाभरात परत गेलं. तुझा दस्त तीनचा आहे. अजून थोडा खाली ये."

मी खणातून कागद काढून पुढे सरकवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "साहेब, घरातलं भांडण आहे. काय ते मिटवून टाका ना." माझा हात उठला होता. तो टेबलावर आपटला, वरची काच फुटली.

शेवटी तो "भाड्याची बाई होती, नाव माहीत नाही" इथे येऊन थांबला. त्याखाली येईना. आम्ही चार दिवस धुळ्याच्या स्टँडवर, मजूर अड्ड्यावर ती बाई शोधत फिरलो. व्यर्थ.

आमच्या ठाण्यात पिंपळनेरकडच्या एक हवालदार बाई होत्या. कागद लावताना दस्तावरचा फोटो त्यांच्या हातात आला. त्या हसल्या.

"साहेब, हिला स्टँडवर कुठे शोधताय?"

"का?"

"पदर बघा. तोंड लपवायचं असतं तर तोंडावर ओढला असता. हिने डोक्यावरून कपाळापर्यंत घेतलाय, अगदी सवयीनं. माहेरच्या माणसांत लेक कशाला पदर घेईल? ही लेक नही साहेब, ही सून शे. समोर कोणीतरी सासऱ्याच्या मानाचं बसलेलं असणार."

मी निबंधक कार्यालयात जाऊन फोटो काढणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ती बाई खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. मी दोनदा सांगितलं. ते म्हातारे नाना बसले होते ना, त्यांच्यासमोर उभीच राहिली. शेवटी उभ्यानंच फोटो घेतला."

नाना म्हणजे बहिणीच्या वडिलांचे चुलतभाऊ. गावात मान मोठा. दस्तावर ओळख पटवणारे पहिले साक्षीदार तेच. ह्या बहिणीला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून बैलपोळा दाखवला होता. आणि त्यांच्यासमोर गेली वीस वर्षं जी बाई कधी बसली नाही, ती म्हणजे त्या भावाची बायको.

तिला दिवसा, रीतसर नोटीस देऊन बोलावलं. ठसे घेऊन तपासणीला पाठवले. पुढे ते जुळले. पण त्याआधीच, बहीण खोलीत आल्याबरोबर भावजयीचा बांध फुटला.

बहिणीने एवढंच विचारलं, "तू होतीस?"

"अक्का, मन्हं काय चालस घरमा? त्यास्नी सांगं, अंगठा लाव. मी लावा. नाना बी काही बोलनात नही."

बहिणीने पिशवीतली साडी अर्धी बाहेर काढलेली होती. ती तिने आत ढकलली आणि चेन ओढली.

नानांचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर चष्म्याशिवाय पेपर वाचत बसले होते. मला रस्त्याच्या पलीकडून ओळखून म्हणाले, "या साहेब." आणि जबाबात सांगितलं, "माले कमी दिसस. पोरगानी सांगं ही अक्का, मी सही करी." मी त्यांना आरोपी करणार होतो. वरिष्ठ म्हणाले, "म्हातारा माणूस आहे, गावात वजन आहे. साक्षीदार करा." मी वरिष्ठांशी भांडलो. आवाज चढला, नको ते शब्द गेले. पंधरा दिवसांत माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. निवृत्तीपर्यंत तिथे फोन उचलत बसलो.

माझ्या बदलीनंतर दोषारोपपत्र न्यायालयात गेलं. त्यात नाना सरकारी साक्षीदार. न्यायालयात त्यांनी "काही आठवत नाही" म्हणून सांगितलं आणि फितूर झाले. भाऊ जामिनावर आधी सुटला. भावजय त्याच्या नंतर अकरा दिवसांनी, कारण तिच्यासाठी धावपळ करणारं कुणी नव्हतं. दस्त रद्द करण्याचा दावा अजून चालू आहे. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. विहिरीजवळच्या खोल्यांत भावाचा कांदा भरलेला आहे. बहीण धुळ्याला एका भाड्याच्या खोलीत राहते. मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी फोटो मागितला नसता तर बरं झालं असतं का?"

या प्रकरणात मी एक शिकलो. दस्तावरची सही नंतर बघावी. आधी ओळख कोणी दिली ते बघावं. सही करणारा घाबरलेला असू शकतो, दबलेला असू शकतो. ओळख देणारा खुर्चीवर बसून, विचार करून बोलतो.

म्हणून शेवटचं नानांसाठी लिहितो. नाना, तुम्ही पेपर वाचता, हेही वाचाल. त्या दुपारी एक बाई डोक्यावर पदर घेऊन तुमच्या मानापायी उभी राहिली, आणि दुसरी तिकडे फरशीवर बसून तुमच्या गावाला येण्याची वाट बघत होती. दोघींनाही तुम्ही चांगलं ओळखता. मला उत्तर नको, न्यायालयाला तुम्ही काय दिलंत ते मी पाहिलं आहे. धुळ्याच्या त्या खोलीवर जा, अक्काच्या समोर बसा आणि तिला सांगा, 'हीच ती' म्हणताना तुम्ही कोणाकडे बघत होतात.