मजीद मिस्तरीचा नकार

मजीद मिस्तरीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, खडूस आहे, जुळलेला सौदा मोडतो, माणसाच्या आनंदात माती कालवतो. म्हणू द्या. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं माझं सीट कव्हरचं दुकान आहे आणि दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडखाली त्याचं गॅरेज. तो कसा माणूस आहे ते मला विचारा. अन् मी, पुंजाराम, कसा माणूस आहे तेही आज सांगून टाकतो, पोटात ठेवून ठेवून कंटाळलो.

शहरात कुणाला जुनी मोठी गाडी घ्यायची असली की आधी मजीदभाईला सोबत नेतात. साठीचा माणूस, काडीसारखा, कानाला कायम पेन्सिल. त्याच्या अटी ठरलेल्या. पैसे आधी घेतो, कारण नकार ऐकल्यावर लोक खिशात हात घालत नाहीत. गाडी विकणाऱ्याचा चहा घेत नाही अन् घेणाऱ्याचाही घेत नाही. बाकीचे मिस्तरी आधी बॉनेट उघडतात. हा मागच्या सीटवर जाऊन बसतो, दार लावून घेतो आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसता बसतो. मग सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढतो, त्याचं टोक नाकाला लावतो. बाकीचं नंतर. शेवटी एवढंच, 'लेव' किंवा 'नक्को लेव', म्हणजे घ्या किंवा घेऊ नका. कारण विचारलं तर एकदा सांगतो. हुज्जत घालत बसत नाही.

माझी धाकटी बहीण साळूबाई पिशोरला दिलेली. तिचा नवरा बन्सी, म्हणजे आमचे दाजी. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण दाजी ते दाजी. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायची पद्धत नाय. त्यांनी पाटावर बसायचं, आपण वाढायचं, अन् ते जे म्हणतील त्याला व्हय म्हणायचं. त्या साली अद्रकीला असा भाव आला की पिशोर, कन्नड, फुलंब्री सगळीकडं लोकांची डोकी गरगरली. दाजींची पाच एकर अद्रक होती. लेकीचं लग्न उरकलेलं, घर बांधलेलं, मग राहिलं काय, तर गाडी.

साळू म्हणाली होती, "साधी घ्या, पण कोरी घ्या. बंद पडली तर कन्नडला दुरुस्त व्हावी." लई शहाणी बाई. शाळा सातवीपर्यंतच, पण हिशोब पक्का. दाजींना ते पटलं नाय. शेजारच्या भावकीनं साधी कोरी आधीच घेतलेली, मग यांनी तीच कशी घ्यायची? तेवढ्याच पैशात जालना रोडवरच्या एका विकणाऱ्याकडं सात वर्षांची परदेशी गाडी उभी होती. पांढरी शुभ्र, लांबलचक, गुजरात पासिंगची. दार लावलं तर आवाजसुद्धा होत नव्हता. दाजी तिच्याभोवती दोनदा फिरले अन् संपला विषय.

मी म्हणलं, मजीदभाईला दाखवू. दाजी म्हणले, दाखवा की, आपल्याला कुठं नाय म्हणायचंय. इथंच सगळं नासलं. मुहूर्त होता साडेअकरापर्यंत अन् मजीदभाई येणार होता बाराला. मुहूर्त टळू नये म्हणून इसार देऊन झाला, बॉनेटवर हार चढला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, फोटो पिशोरला गेले. मिस्तरी आला तेव्हा टायरवरून नारळाचं पाणी ओघळत होतं. त्यानं ते पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "अब मेरेकू काय कू बुलाया?" म्हणाला.

तरी पैसे घेतलेले, म्हणून मागच्या सीटवर जाऊन बसला. बाहेर पेढे वाटणं चालू होतं. मी काचेतून बघत होतो. मजीदभाई डोळे मिटून बसलेला अन् आपोआप गाडीचे वायपर फिरायला लागले. जानेवारीचं कोरडं ऊन. दोन फेरे मारून थांबले. विकणारा हसला, म्हणाला, ऑटोमॅटिक आहेत. मिस्तरीनं पट्टा ओढला, शेवटच्या वितीपर्यंत, आणि तो तसाच धरून मला आत बोलावलं. पट्ट्याच्या टोकाला पिवळसर गाळाची रेघ होती, बोटभर रुंद.

"नक्को लेव," तो बाहेर येऊन दाजींना म्हणाला.

दाजींचा चेहरा उतरला, पण चारचौघांत हसले. कारण विचारलं. मजीदभाईनं एकदाच सांगितलं. ही गाडी पुरात उभी होती, सीटपर्यंत. धुतली, वाळवली, पॉलिश केली. इंजिन चालेल, एसी गार देईल, महिनाभर कुणाला काही कळणार नाही. पण सीटखालच्या डब्यातून सगळ्या दारांच्या वायरी जातात आणि तो डबा आतून सडतो आहे. या गाड्यांचं लॉक दुहेरी असतं, ते लागलं तर आतलं हँडल ओढून दार उघडत नाही. एक दिवस गाडी जागेवर मरेल आणि दारं बंद होतील. कधी, ते सांगता येत नाही.

इसार बुडू द्या अन् घरी जा, असंही म्हणाला. दाजी म्हणले, "मिस्तरी, नारळ फुटलाय. पिशोरच्या फाट्यावर फ्लेक्स लागतोय. आता मी काय तोंड दाखवू?"

मजीदभाई निघाला. जाताना माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "तेरी बहन बैठेगी ना इसमें? उसकू बोल."

मी म्हणलं, बोलतो.

रात्रीच साळूचा फोन आला. फ्लेक्स लागला होता, दाजींचा गॉगल घातलेला फोटो, शेजारी गाडी. घरात पाहुणे जमले होते, मागं सगळा कालवा ऐकू येत होता. त्यातूनच ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, मिस्तरी काय म्हणले रे? खरं सांग. यांना विचारलं तर हसण्यावारी नेतात." त्याच्या आधी तासभर दाजींचा फोन येऊन गेला होता. तिला काही सांगू नका पाहुणं, ती बसायची नाय गाडीत अन् लोक हसतील. मी पाहुण्यांचा कालवा ऐकला. मग म्हणलं, "चांगली हाय म्हणले. बिनघोर बस."

दाजींचा मान राखला, असं मी स्वतःला सांगितलं. अन् खोटं कशाला बोलू, गाडीच्या आतल्या सगळ्या सजावटीचं काम मलाच मिळणार होतं.

आठ दिवसांनी गाडी माझ्या दुकानी आली. नवीन मॅट टाकायला मी जुनं कार्पेट उचललं तर खाली गाळ. वाळून पापड झालेला, त्यात गवताची काडी अन् गोगलगाईचा रिकामा शंख. हातात धरून मी तिथंच उकिडवा बसलो. पाठीमागं मजीदभाई शेडमध्ये कुणाच्या तरी गाडीखाली झोपलेला, त्याचे पाय दिसत होते. मी गाळ फडक्यानं पुसला, त्यावर जाड मॅट बसवली, कडा चिकटवल्या आणि अत्तराची डबी डॅशबोर्डवर ठेवली. माझ्या हातानं. या हातानं.

मग एकेक ऐकू यायला लागलं. पिशोरच्या बाजारात गाडी उभी असताना हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना, बैल बिथरले. घाटात चालत्या गाडीची डिक्की उघडली. काचा कधी वर जायच्या, कधी नाय. दाजी दर वेळी शहरातल्या कुणाला तरी दाखवायचे, तो काहीतरी बदलायचा, दोन आठवडे बरं चालायचं. साळूचा पुन्हा फोन आला. "दादा, गाडीत वास येतो. अत्तराच्या खालून येतो. पुराच्या पाण्याचा." मी म्हणलं, एसीचा असंल. मार्चमध्ये पुन्हा फोन. "माझं दार आतून उघडत नाय. हे बाहेरून येऊन उघडतात तवा मी उतरते." मजीदभाईचे शब्द आठवले. तोंडातून मात्र निघालं, "पोरांसाठीचं लॉक लागलं असंल, दाजींना सांग." ती म्हणाली, "बरं." माझ्यावर विश्वास म्हणून बरं म्हणाली. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

मजीदभाई मधून मधून विचारायचा, बहनकू बोला क्या? मी म्हणायचो, बोललो, पण ऐकते कुठं. त्यालाही खोटंच.

मे महिन्यात साळूचे गुडघे दाखवायला दोघं शहरात आले. डॉक्टरकडचं काम झाल्यावर दुपारी दीडच्या सुमाराला दाजी माझ्या दुकानात आले, एकटेच. गाडी मागच्या प्लॉटवर लावली होती. "तिला पायऱ्या चढायला नको, गाडीतच बसवलंय. इंजिन चालू हाय, एसी लई गार." बाहेर आग ओकत होतं, बेचाळीस-त्रेचाळीस असंल. दाजी खुर्चीत ऐसपैस बसले अन् गाडीच्या गोष्टी सुरू झाल्या. कुठल्या पुढाऱ्यानं गाडी मागितली, कुणाच्या वरातीत पुढं होती. मी चहा सांगितला. चहा संपला. मी दुसरा सांगितला. दाजी बसलेत, त्यांना ऊठ कसं म्हणणार?

मागच्या दारातून मजीदभाई आत आला. आजवर तो माझ्या दुकानात गिऱ्हाईक असताना कधी आला नव्हता. हातात मोठा पाना होता. "वो गाडी चालू थी," तो म्हणाला. "अब आवाज नहीं है. कौन है उसमें?"

मी पळालो. दाजीही आले. गाडी उन्हात उभी, मेलेली. काळ्या काचेला तळहाताचे ओले ठसे होते, एकावर एक. साळू मागच्या सीटवर कलंडली होती, तोंड उघडं, पदर सुटलेला. दाजी चावीचं बटण दाबत राहिले. काही नाय. दारं ओढली. काही नाय. मजीदभाई मागच्या दाराच्या काचेकडं गेला, पुढच्या दोन थरांच्या असतात त्या फुटत नाहीत हे त्याला ठाऊक. त्यानं पाना उचलला अन् आमचे दाजी काय म्हणले असतील?

"थांबा मिस्तरी, काच लई महाग हाय. मी कस्टमर केअरला लावतो."

खरंच लावला फोन. मी तिथंच उभा होतो. मी तरी 'मारा' म्हणायला पाहिजे होतं ना? मी दाजींच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझ्या सख्ख्या बहिणीचा जीव जात होता अन् मी तिच्या नवऱ्याची परवानगी बघत होतो. मजीदभाईनं कुणाचीच बघितली नाही. दुसऱ्या घावाला काच खाली आली. आतून भट्टीसारखी झळ आली अन् तिच्यासोबत तो वास. खिडकीतूनच मी अन् मजीदभाईनं तिला ओढून काढलं. काचेनं मजीदभाईचं मनगट फाटलं, रक्त माझ्या सदऱ्यावर सांडलं. आपल्या शेडच्या सावलीत निजवून त्यानं तिच्या अंगावर माठ रिकामा केला. अँब्युलन्स येईपर्यंत मी तिचे पाय चोळत होतो आणि ती मला ओळखत नव्हती.

तीन दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. डॉक्टर म्हणाला, अजून दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिला सुट्टी मिळाली तेव्हा मजीदभाई बघायला आला, मनगटाला पट्टी, हातात त्याच्या बायकोनं, सगीराभाभीनं, दिलेला डबा. साळू उशीला टेकून बसली होती. मी तिच्या पायाशी स्टुलावर होतो. दाजी बाहेर फोनवर, गाडी विकणाऱ्याशी भांडत.

"मिस्तरी," साळू म्हणाली, "घ्यायच्या दिवशी तुम्ही गाडी पाहिली होती ना?"

मजीदभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं, अन् काय सांगू, त्या वेळीसुद्धा मनातून मला वाटत होतं, यानं एकदा खोटं बोलावं. आयुष्यात एकदा.

"पाहिली होती, ताई," तो मराठीत म्हणाला. "घेऊ नका म्हणलो होतो. दारं बंद होतील, हेही म्हणलो होतो."

"कुणाला म्हणले?"

त्यानं डबा टेबलावर ठेवला. "दोघांना."

साळू रडली नाही की ओरडली नाही. तिनं अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाली, "मिस्तरी, मला बसस्टँडवर सोडता का? कन्नडची एसटी मिळंल." मी म्हणलं, साळू, मी रिक्षा बोलावलीय, माझ्या घरी चल, चार दिवस राहा. दाजी आत आले, तेही काहीतरी म्हणले. ती उठली, भिंतीला धरून चपला घातल्या.

मजीदभाईची जुनी डबडा गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. तिनं मागचं दार उघडलं, आत बसली, लावलं, पुन्हा आतून उघडून पाहिलं अन् मग लावलं. तिची कपड्यांची पिशवी माझ्याच हातात राहिली होती. मी ती घेऊन पुढच्या दाराशी गेलो, म्हणलं, मीपण येतो स्टँडपर्यंत. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"पुंजाराम, पिशवी दे."

मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. मी पिशवी दिली.