शेवटची गढी

लग्नाआधी अनुपमाला बुद्धिबळात हरवणं सोपं नव्हतं. पाटसच्या कारखान्यावर वडील नोकरीला, आणि ही दौंडच्या तालुका स्पर्धेतून दोनदा कप घेऊन आलेली. तळेगाव ढमढेऱ्याला सासरी आली ती ऊस, वांगी आणि आठवडे बाजाराच्या रगाड्यात. कप माहेरीच राहिले.

तिचा दीर माऊली रांजणगावला कंपनीत होता. त्यानं एकदा पुण्याहून जगाच्या नकाशाचा खेळ आणला. फासे टाकायचे, सैन्य सरकवायचं, दुसऱ्याचे देश घ्यायचे. ज्याचे सगळे देश गेले, तो बाद. रविवारी जेवणं झाली की माऊली, नवरा सत्यजीत आणि अनुपमा पडवीत बसत.

"आधी वहिनींना उडवू," माऊली म्हणायचा, आणि दोघं भाऊ मिळून तिच्यावर तुटून पडायचे. अर्ध्या तासात ती बाद. मग भावाभावांचं दोन-दोन तास चाले आणि ती आत खरकटी आवरत बसे.

चिडून तिनं खेळच नवा करायला घेतला. पुठ्ठ्यावर भीमा, घोड आणि वेळ नदी काढली, मध्ये शिरूर, केडगाव, पाटस अशी गावं मांडली. सैन्याला चिंचोके. प्रत्येकाच्या एका गावात एक गढी. नियम असा, की शेवटी उरलेली ही गढी कुणी कुणाची घ्यायची नाही. दोन-चार डाव खेळून पाहिले तर तिला वेगळीच खोट दिसली. गढीत अडकलेला माणूस बाद होत नव्हता, पण करायलाही त्याला काही उरत नव्हतं. नुसता आपली पाळी येईल तेव्हा फासे टाकणार. हे तर बाद होण्याहून वाईट! मग तिनं आणखी एक कलम घातलं: गढीतल्यानं दर फेरीला हव्या त्याला साथ द्यावी, आणि त्यानं जिंकलेल्या गावांत वाटा घ्यावा.

"आता बलवंताला दुबळ्याच्या पाया पडावं लागंल," सत्यजीत हसला. पण खेळायला बसला.

आता बाद होण्याची भीती नव्हती, म्हणून अनुपमानं सासूलाही ओढलं. साखरबाई आयुष्यात कधी खेळायला बसल्या नव्हत्या. "मला कुठं कळतंय त्यातलं?" म्हणत बसल्या, आणि लगोलग गढीत जाऊन अडकल्या.

"आई, माझ्याकडं ये," सत्यजीत म्हणाला.

"आई, त्याचं ऐकू नगं. अर्धा वाटा देतो," माऊली म्हणाला.

साखरबाई दोघांकडं बघत राहिल्या. दोन्ही पोरं आपली मनधरणी करतायत, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या, की अनुपमालाही हसू आवरेना. मग आठवडाभर भाजी निवडता निवडता अनुपमा त्यांना शिकवू लागली. कुठल्या गावाला नदीची आड आहे, साथ कधी सोडायची. सासू चटकन शिकली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी साखरबाईंचे चिंचोके निम्म्या पुठ्ठ्यावर पसरले होते. अनुपमा गढीत होती आणि तिनं माऊलीला साथ दिली. साखरबाईंचं हातातलं केडगाव गेलं.

"ह्यो कसला खेळ? हरल्यालं माणूस बसून ऱ्हातं आन् जितणाऱ्याचा पाय वढतं," त्या म्हणाल्या. "जो हरला त्यानं उठावं. पयलं हुतं तेच बरं हुतं."

"आत्या, ह्याच नियमानं तुम्ही टिकलात ना?"

"टिकले ती माझ्या डोक्यानं. ऊठ तू."

अनुपमानं नवऱ्याकडं पाहिलं. सत्यजीत फासे खुळखुळवत होता. "ऊठ ना, आईचं ऐक. खेळच तर हाय," तो म्हणाला.

ती उठली. माऊलीनं पुठ्ठ्यावरचे तिचे चिंचोके उचलून डब्यात टाकले.

पुढच्या रविवारी जेवणं उरकताच ती वांग्यांच्या रानात तोडणीला गेली. थोड्या वेळानं सत्यजीत बांधावर आला.

"चल की. चौथं माणूस पायजे."

"आधी मला उडवायला?"

"तसं न्हाई गं..." तो म्हणाला, आणि शेजारच्या भामाबाई मोकळ्या आहेत का ते बघायला निघून गेला.